गाव बोलत नाही, म्हणजे नेमकं कोण बोलत नाही?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई मुंबईत नोकरी करतात. आईवडील आणि धाकटी बहीण कोकणातल्या गावी राहतात. वडिलांनी गेल्या वर्षी गावकीच्या बैठकीत देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब मागितला. तो मिळाला नाही म्हणून त्यांनी धर्मादाय कार्यालयात अर्ज केला. ‘गावकीला न विचारता बाहेर गेलास’ असा ठपका ठेवून पंचांनी २५,००० रुपये दंड आणि देवासमोर नाक घासून माफी असा निर्णय दिला. वडिलांनी साफ नकार दिला. तेव्हापासून, म्हणजे गणपतीच्या आधीपासून सात महिने, घर वाळीत आहे. त्यांच्याशी बोलेल त्याला ५,००० रुपये दंड. गणपतीत आरतीला कुणी आलं नाही. शिमग्याला वर्गणी घेतली नाही. आईने अंगण सारवून ठेवलं होतं, पालखी दारावरून तशीच पुढे गेली. वैशाखात बहिणीचं लग्न आहे. पंचांमध्ये सख्खे काकाही आहेत. आई म्हणते, पैसे भरून मोकळे होऊ. वडील म्हणतात, मेलो तरी नाही. ताई विचारतात: दंड भरावा की गुन्हा दाखल करावा? गुन्हा दाखल केला तर गाव कायमचं तुटेल ना? आणि कायद्याने माणसं पुन्हा बोलायला लागतात का?

ताई,

तुमच्या पत्रात ‘गाव’ हा शब्द जागोजागी येतो. गावाने ठरवलं, गावाने बंद केलं, गाव ऐकणार नाही. माणूस म्हणून मात्र एकाचाच उल्लेख आहे, काकांचा. वाळीत टाकण्याची सगळी ताकद यातच असते. मारहाण झाली तर मारणारा दिसतो. इथे कुणीच काही केलेलं नसतं. दुकानदार म्हणतो साखर संपली, शेजारीण म्हणते घाईत आहे, भटजी म्हणतात त्या दिवशी दुसरीकडे जायचंय. एकेक गोष्ट सुटी धरली तर नुसता तुसडेपणा. सगळ्या मिळून एका घराचा श्वास कोंडतात. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी तुमच्यापुढे एक काम आहे: ‘गाव’ या शब्दाच्या जागी नावं, तारखा आणि बोललेली वाक्यं बसवायची. दंड भरायचा ठरवलात तरी हे काम करून ठेवा.

कुणाशी बोलावं, कुणाच्या घरी जेवावं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. काकांनी स्वतःहून तुमच्या वडिलांशी बोलणं टाकलं, तर कुठलाही कायदा त्यांना बोलायला लावू शकत नाही, लावूही नये. पण ‘मी बोलणार नाही’ आणि ‘कुणीच बोलायचं नाही, बोलला तर पाच हजार’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य एका माणसाचं स्वातंत्र्य झालं. दुसऱ्या वाक्याने तुमच्या वडिलांइतकंच बाकी सगळ्या घरांचं तेच स्वातंत्र्य काढून घेतलं. हे नीट लक्षात घ्या, कारण गावातली बहुतेक माणसं तुमच्या विरोधात नसून दंडाला भ्यालेली असण्याची शक्यता मोठी आहे. गिरणीवाल्याला तुमच्या आईचं दळण नाकारून काय मिळतं? गिऱ्हाईकच जातं.

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्कारापासून लोकांचं संरक्षण करणारा हा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. समाजातल्या कुणाला धार्मिक किंवा सामाजिक कार्यात भाग घेऊ न देणं, लग्न किंवा अंत्यविधी नेहमीच्या रीतीने करू न देणं, समाजमंदिर, शाळा, दवाखाना, स्मशान वापरायला अडवणं, संबंध तोडायला इतरांना चिथावणं, धंद्याचे व्यवहार बंद पाडणं, हे सगळं त्यात बहिष्कार म्हणून धरलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायत म्हणजे काय, तर समाजातल्या लोकांचं वागणं ताब्यात ठेवणारं आणि फर्मानं काढणारं मंडळ; त्याची नोंदणी असो वा नसो, त्याला नाव काहीही असो. त्यामुळे ‘आमची जातपंचायत नाही, ही गावकी आहे’ असं म्हणून सुटका होत नाही.

एक अट मात्र आहे. हा कायदा एकाच समाजातल्या बहिष्काराबद्दल बोलतो, म्हणजे धर्म, पंथ, जात किंवा पोटजातीने बांधलेल्या लोकांबद्दल. तुमच्या पत्रावरून पंच आणि तुमचं घर एकाच समाजाचे दिसतात, तेव्हा तुम्हाला तो लागू पडेल. हे वाचणाऱ्या एखाद्या अनुसूचित जाती किंवा जमातीच्या घरावर इतर जातींच्या लोकांनी बहिष्कार घातला असेल, तर त्यांचा रस्ता वेगळा आणि जास्त कडक आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणं आणि तशी नुसती धमकी देणं, दोन्ही गुन्हे ठरले. तिथे तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि आरोपीला अटकपूर्व जामिनाची वाट सहसा बंद असते. आणि मुलामुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचायत मागे लागली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असे निर्देश दिले आहेत. आधी पोलीस अधीक्षकांकडे जा, बाकीचं मागाहून.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग: कायद्याने माणसं बोलायला लागतात का?

हा प्रश्न या मातीत जुना आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात, अस्पृश्यांना दडपण्यासाठी बहिष्काराइतकं परिणामकारक हत्यार दुसरं नाही, या अर्थाचा निष्कर्ष नोंदवला. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. पुढे १९४७ मध्ये घटना समितीपुढे ठेवण्यासाठी केलेल्या निवेदनात त्यांनी बहिष्काराची व्याख्याच लिहून दिली आणि बहिष्कार घालणं, त्याला चिथावणी देणं, त्याची धमकी देणं हे तीन वेगळे गुन्हे करा असं सुचवलं. त्यासाठी नमुना घेतला होता ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. मतदानाचा हक्क, शिक्षणाचा हक्क कागदावर मिळून उपयोग काय, जर तो वापरल्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होणार असेल? तुमच्या वडिलांनी तेच केलं. हिशेब मागायचा हक्क वापरला आणि पालखी दारावरून पुढे गेली.

त्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा आणला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे आणि घटनेचं कलम २६ त्याला संरक्षण देतं, असं बहुमताचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा एकटे विरोधात राहिले. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा असं म्हणून प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की पंचांचा वकील ‘ही आमची धार्मिक परंपरा’ असं हमखास म्हणेल. तुमच्या वडिलांनी देव नाकारला नाही, पूजा मोडली नाही. सिमेंट कितीला आणलं हे विचारलं. त्यावर २५,००० रुपये आकारणं हा कुठल्या धर्माचा विधी आहे, हे पंचांनाच सांगू द्या.

कायदा मन वळवत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ‘कायदा झाला तरी लोक तसेच’ या तक्रारीत एक गोष्ट राहून जाते. कायदा भित्र्या माणसाला सबब देतो, आणि गावात भित्री माणसंच जास्त असतात. आज तुमच्या आईशी बोलायची इच्छा असलेली शेजारीण पंचांना काय सांगणार? ‘मला बोलावंसं वाटतं’? त्याची किंमत पाच हजार. तक्रार नोंदली गेली की तीच बाई म्हणू शकते, ‘बाबांनो, मला पोलीस-कोर्ट नको, मी बोलणार.’ भीती तीच, पण आता ती उलट्या दिशेने काम करते. हे काही उदात्त नाही. पण बोलणं पुन्हा सुरू होतं ते बहुतेक वेळा अशाच सबबीवर, प्रेमाची पाळी नंतर येते.

आता आईचं म्हणणं घेऊ, कारण ते मला अजिबात बावळट वाटत नाही. सात महिने गिरणी, विहीर, दुकान तिलाच सोसावं लागतंय. तुम्ही मुंबईत आहात आणि तुमचे वडील तत्त्वावर आहेत. २५,००० रुपयांत मुलीचं लग्न सुरळीत होणार असेल तर तिने तसा हिशेब करणं चूक नाही. फक्त तिला दोन गोष्टी सांगा. पहिली, दंडासोबत माफीनामा येतो. तो कधी स्टॅम्पपेपरवर असतो, त्यावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या असतात आणि त्यात ‘पुन्हा गावकीबाहेर तक्रार करणार नाही’ असं वाक्य असतं. पुढच्या वेळी बांधावरून, पाण्यावरून, वाटेवरून काही झालं की तोच कागद बाहेर निघतो. दुसरी, एकदा दर ठरला की तो वाढतो. पंचांना कळलेलं असतं की हे घर लग्नाच्या तोंडावर मोडतं, आणि घरात अजून बारशी, मुंजी, मयतं व्हायची असतात.

तरीही भरायचंच ठरलं, तर रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि तपशिलात ‘गावकी दंड’ असं लिहा. पावती मागा. पावतीवर बहुधा ‘देणगी’ लिहून मिळेल, तीही जपून ठेवा. माफीनाम्यावर सही करू नका. दबावाखाली पैसे भरल्याने तक्रारीचा हक्क बुडत नाही, मात्र सही केलेला कागद पुढे तुमच्याच तोंडावर फेकला जातो. शिवाय धमकी देऊन पैसे वसूल करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. हे पंचांना बहुतेक ठाऊक नसतं. त्यांना तो गावचा रिवाज वाटतो.

माझं मत विचाराल तर, दंड भरू नये आणि तक्रार करावी. पण ती सपाट्यात नाही, तयारीने.

एक दोनशे पानी वही घ्या आणि आईच्या हाती द्या. नोंद अशी हवी: ‘१४ मार्च, सकाळी साडेनऊ. दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाला (नाव) म्हणाला, वहिनी, तुमचं दळण घेतलं तर मला पाच हजार भरायला लावतील, (पंचाचं नाव) काल येऊन सांगून गेला. तिथे (नाव) उभी होती.’ या चार ओळींत फर्मान पोचवणारा, पाळणारा आणि पाहणारा असे तिघे सापडले. ‘आज पुन्हा गिरणीवर अपमान झाला’ अशी नोंद मन मोकळं करायला ठीक, तपासात तिचा काही उपयोग नाही. शिमग्याच्या वर्गणीची नोंदही अशीच करा. कोण गोळा करायला आला होता, तुमच्या घरासमोरून जाताना काय बोलला, शेजारच्या घराला पावती दिली का. वर्गणी मागणारा माणूस तुमच्याच दारात मागत नाही, हा फार बोलका पुरावा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर गावकीच्या ग्रुपमधून वडिलांना काढलं असेल किंवा तिथे निर्णय टाकला असेल, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ज्या फोनवर संदेश आला तो फोन जपा. तो विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग फोनधारक भरतो, दुसरा तज्ज्ञ. हे वकील करून देतील, पण मूळ फोनच हरवला तर वकिलाचाही नाइलाज होतो.

नावांच्या बाबतीत संयम ठेवा. अशी प्रकरणं इथेच जास्त घसरतात. रागाच्या भरात साठ जणांची यादी दिली जाते: जे बोलले नाहीत ते सगळे आरोपी. मग होतं काय? ज्यांनी साक्ष दिली असती तेच आरोपीच्या बाकावर जाऊन बसतात, आणि कालपर्यंत कुरबुरणारं गाव एका रात्रीत एकजूट होतं. तीन थर वेगळे करा: ठरवणारे, ते घरोघर सांगत फिरणारे, आणि मुकाट पाळणारे. तक्रार पहिल्या दोन थरांची. गिरणीवाला तिसऱ्या थरातला, तो तुमचा साक्षीदार. साक्षीदार गावाबाहेरचेही चालतात: नारळवाला व्यापारी, शाळेचे शिक्षक, ज्या भटजींना ‘त्या घरी जाऊ नका’ असा निरोप गेला ते. ज्याला दंडाची धमकी मिळाली असा एक जरी माणूस उभा राहिला, तरी खटल्याचा कणा तयार झाला.

अर्ज एका पानाचा ठेवा. बहिष्काराची तक्रार पुष्कळदा अकरा पानांची होते, त्यात तीस वर्षांपूर्वीचा बांध येतो, सांडपाणी येतं, कुणाच्या तरी बैलाने खाल्लेला भात येतो आणि मूळ फर्मान नवव्या पानावर सापडतं. ठाणे अंमलदार पहिलं पान वाचतो, जमिनीचा वाद समजतो आणि दिवाणीत जा म्हणतो. पहिलं वाक्य असं असू दे: ‘अमुक तारखेला (नावं) यांनी देवळाच्या सभामंडपात बैठक घेऊन, माझ्या कुटुंबाशी कुणीही संबंध ठेवू नये, ठेवल्यास ५,००० रुपये दंड, असा आदेश दिला.’ खाली तारीखवार प्रसंग, वहीच्या पानांच्या प्रती जोडलेल्या. देवळाच्या हिशेबाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात स्वतंत्रपणे चालू राहू दे. दोन्ही कागद एकत्र बांधले की ‘हा माणूस देवस्थान ताब्यात घ्यायला निघालाय’ असं म्हणायला पंचांना आयतं कोलीत मिळतं.

हा अर्ज घरातलं कुणीही देऊ शकतं. शक्य असेल तर आईच्या नावाने द्या. एक कारण म्हणजे बहुतेक प्रसंग तिच्या अंगावर झाले आहेत, ती सांगेल ते पाहिलेलं असेल. दुसरं कारण व्यवहाराचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन क्रमांक १५१००. पण आई मनापासून तयार असेल तरच. तिला पुढे ढकलून वडिलांचा लढा लढवू नका.

ठाण्यात दोन प्रकारांनी बोळवण होते. एक, अदखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत असा) गुन्हा म्हणून एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहून देतात. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्याची प्रथम खबरच (एफआयआर) नोंदली पाहिजे, हे शांतपणे सांगा आणि अर्जावर शिक्का मारून पोहोच घ्या. पोहोचेशिवाय बाहेर पडू नका. दोन, ‘प्राथमिक चौकशी चालू आहे’ असं सांगतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने अशी चौकशी करता येते, पण १४ दिवसांत संपवायची असते. परवानगी कोणत्या तारखेची, एवढंच विचारा. गुन्हा नोंदवला तर खबरेची प्रत फुकट मिळते. नाहीच नोंदवला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. गावच्या पोलीस पाटलालाही एक प्रत द्या. तो पंचांचा मेहुणा असला तरी द्या, कारण गावातल्या अशा गोष्टी वर कळवणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याचं कर्तव्य आहे आणि ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला त्याला वाव राहत नाही. तंटामुक्त समितीकडे जायला हरकत नाही, पण आधी सदस्यांची नावं वाचा. पंच तेच असतील तर तिथे तुम्हाला दंडात सवलत मिळेल, न्याय नाही.

अपेक्षा माफक ठेवा. हा गुन्हा जामीनपात्र आहे. ज्यांच्यावर तक्रार केलीत ते संध्याकाळी गावात परत दिसतील आणि पहिले पंधरा दिवस वातावरण आजच्यापेक्षा वाईट असेल. उलट तक्रार येईल हेही धरून चाला. वडिलांनी शिवीगाळ केली, देवळात गोंधळ घातला, असं काहीतरी. म्हणून या काळात वडिलांनी एकटं कुठल्याही बैठकीला जाऊ नये आणि तुम्ही फेसबुकवर पंचांची नावं टाकू नयेत. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपावा असं हा कायदा म्हणतो. तारखा मात्र न्यायालयाच्या फळ्यावरच्या गर्दीप्रमाणे पडतात. आणि थांबायचं म्हणून फार थांबूही नका, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयालाही तीन वर्षांचीच मुदत असते.

आता ‘गाव कायमचं तुटेल’ या भीतीबद्दल. कायदा करणाऱ्यांनी परतीची वाट मुद्दाम ठेवली आहे. पीडित घराची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर या गुन्ह्यात तडजोड करता येते. म्हणजे उद्या पंच म्हणाले, फर्मान मागे घेतो, जाहीर सांगतो, तर खटला तिथे थांबू शकतो. फरक इतकाच की त्या तडजोडीत नाक घासायला तुमचे वडील नसतील, आणि अटी सभामंडपात न ठरता न्यायाधीशासमोर लिहिल्या जातील. बैठकीत निर्णय मागे घेतल्याचा ठराव, ग्रुपवर तसा संदेश, आणि वसूल केलेला दंड असेल तर परत, एवढं तरी त्यात मागा.

एकटेपणा जास्त छळत असेल तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते २०१३ पासून जातपंचायतींविरोधात मोहीम चालवत आहेत. पंचांशी बोलायला बाहेरचं कुणी सोबत असलं की बोलण्याचा सूर बदलतो.

काकांबद्दल. तक्रारीच्या आधी त्यांना एकदा भेटा, फोनवर नको. ‘नाव घालीन’ असं चुकूनही म्हणू नका, ती धमकी होते आणि तुमचीच बाजू लंगडी पडते. एवढंच विचारा, ‘काका, त्या बैठकीत तुम्ही काय बोललात ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’ पंचांत बसलेला प्रत्येक जण बोललेला नसतो. काही जण मान खाली घालून बसलेले असतात आणि सात महिने ती खाली घातलेली मान वागवत असतात. काका म्हणाले ‘मी गप्प बसलो’, तर ते वहीत लिहा, तारखेसह. म्हणाले ‘मीच सुचवलं’, तर तेही लिहा.

लग्नासाठी वेगळी तयारी लागेल. लग्न होऊ नये किंवा कुणी जाऊ नये म्हणून पुन्हा बैठक बोलावल्याचं कानावर आलं, तर ती होण्याआधीच जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. बहिष्कारासाठी भरणारी बैठक रोखण्याचा आदेश ते काढू शकतात. मुलाकडच्यांना सगळं आत्ताच सांगा, मांडवात कळण्यापेक्षा चहाच्या टेबलावर कळलेलं बरं. भटजी, आचारी, मांडववाला यांचं काम पक्कं करताना थोडी आगाऊ रक्कम बँकेतून द्या, म्हणजे आयत्या वेळी कुणी मागे फिरलं तर ते कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून फिरलं हे उरेल.

आणि पत्रिका गावातल्या प्रत्येक घराला द्या. एकही उंबरा वगळू नका, पंचांचाही नाही, नाहीतर ‘त्यांनीच आम्हाला टाकलं’ असं ऐकावं लागेल. तुम्ही आणि बहीण दोघी मिळून जा, हातात द्या, दोन मिनिटं थांबा. कुणी घेतली, कुणी उंबऱ्यावर ठेवायला सांगितली, कुणी आतूनच ‘घरी कुणी नाही’ म्हटलं, ते रात्री वहीत उतरवा. काकांकडची पत्रिका आईला नेऊ द्या, काकू दार उघडेल अशा वेळी, म्हणजे काका शेतावर असताना.